मुंबई बंदरातील दूषित गाळाचे व्यवस्थापन

मुंबई बंदरातील दूषित गाळाचे व्यवस्थापन म्हणजे मुंबई बंदर, न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या तळाशी साचणाऱ्या दूषित गाळाविषयीचे नियोजन होय. गाळाची तपासणी, उपसा व विल्हेवाट यांबरोबरच तो मुळात दूषित होऊ नये यासाठी करावयाच्या उपायांचाही त्यात समावेश होतो. जहाजांचा मार्ग खोल ठेवण्यासाठी गाळ काढणे अपरिहार्य असते. मात्र तळाशी स्थिरावलेले जड धातू, तेल व औद्योगिक रसायने उपशामुळे पुन्हा पाण्यात मिसळण्याचा आणि मासळीपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

बंदरात साचणारा गाळ केवळ बंदरात तयार होत नाही. त्याचा काही भाग नद्यांबरोबर येतो. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील खोपोली, साजगाव या औद्योगिक परिसरातून वाहणाऱ्या पाताळगंगेचे पाणी अखेरीस मुंबई बंदराच्या दक्षिण भागात पोहोचते. त्यामुळे या विषयाचे नियोजन धक्क्यापासून नव्हे, तर नदीच्या पाणलोट क्षेत्रापासून करावे लागते.

भौगोलिक पार्श्वभूमी

मुंबई बंदर हा मुंबई बेट आणि रायगडचा किनारा यांच्यामधील नैसर्गिक आसऱ्याचा जलभाग आहे. उत्तरेकडून ठाणे खाडी, पूर्वेकडून पनवेल खाडी आणि दक्षिणेकडून करंजा व धरमतर खाड्या त्यात उतरतात. घारापुरी (एलिफंटा) बेट या जलभागातच आहे. उधाणाच्या दिवसांत येथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ४ ते ५ मीटरपर्यंत फरक पडतो. त्यामुळे निर्माण होणारे प्रवाह तळावरील बारीक चिखल सतत उचलतात आणि शांत पाणी मिळेल तेथे सोडतात. गोद्या, धक्क्यांसमोरील जागा आणि खोदलेले जलमार्ग ही अशी शांत पाण्याची ठिकाणे असल्याने तेथे गाळ लवकर भरतो. जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या काळात नद्यांबरोबर येणारी माती आणि लाटांमुळे ढवळलेला चिखल यांमुळे गाळाचे प्रमाण वाढते.

कर्जत आणि खालापूर हे शेजारचे दोन तालुके असले, तरी त्यांचे बरेचसे पाणी दोन वेगळ्या दिशांनी समुद्राकडे जाते. कर्जतमधून वाहणारी उल्हास नदी बदलापूर व कल्याणमार्गे मुख्यतः वसईच्या खाडीला मिळते; ठाण्याजवळ तिचा एका अरुंद फाट्याने ठाणे खाडीशीही संबंध येतो. खालापूरमधील पाताळगंगा खोपोली, रसायनी, आपटा व खारपाडा या मार्गाने पश्चिमेकडे वाहत करंजा-धरमतर खाडीच्या क्षेत्रात पोहोचते. मुंबई-गोवा महामार्ग खारपाडा येथे ही नदी ओलांडतो.

गाळ आणि प्रदूषके

पारा, शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांसारखे धातू आणि तेलातील अनेक सेंद्रिय संयुगे पाण्यात फार काळ सुटी राहत नाहीत. ती चिखलाच्या बारीक कणांना आणि त्यांतील सेंद्रिय पदार्थांना चिकटतात व त्यांच्याबरोबर तळाशी बसतात. कण जितके बारीक, तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ अधिक असते. म्हणून ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांच्या चिखलात प्रदूषके अधिक सापडतात, तर स्वच्छ वाळूत ती कमी आढळतात.

तळातील गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा स्थितीत अनेक धातू सल्फाइडच्या रूपात बांधलेले राहतात आणि सजीवांना सहज उपलब्ध होत नाहीत. गाळ उपसून पाण्यात ढवळला किंवा जमिनीवर आणून वाळवला, की त्याचा प्राणवायूशी संपर्क येतो. सल्फाइडचे रूपांतर होऊन आम्लता वाढू शकते आणि धातू सुटे होऊ शकतात. त्यामुळे दूषित गाळ काही ठिकाणी न हलवणे सुरक्षित असते, तर काही ठिकाणी तो काढणे आवश्यक ठरते. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे स्थळनिहाय तपासणीवरून ठरते.

प्रदूषणाचे स्रोत

पाताळगंगा खोरे आणि साजगाव

खोपोली येथील टाटा जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळा परिसरातील जलाशयांचे पाणी घाटाखाली आणून वीज तयार केल्यावर ते पाताळगंगेत सोडले जाते. यामुळे या नदीला उन्हाळ्यातही पाणी राहते. बारमाही पाणी, मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वे यांच्या सान्निध्यामुळे खोपोली, साजगाव, ढेकू, होनाड आणि पुढे रसायनी-पाताळगंगा या पट्ट्यात पोलाद, कागद, रंग, औषधे व रसायने यांचे उद्योग वाढले. नदी उद्योगांना आणि गावांना पाणी पुरवते. वापरलेले पाणीही याच खोऱ्यात परत येते. पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी तयार केली. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पाताळगंगेच्या पट्ट्याचाही समावेश होता. ही यादी नदीच्या पाण्यातील जैवरासायनिक प्राणवायूच्या मागणीवर आधारलेली आहे. तळाच्या गाळात धातू किंवा टिकाऊ रसायने किती आहेत, हे तिच्यावरून कळत नाही. पाणी स्वच्छ दिसू लागल्यानंतरही पूर्वी साचलेला गाळ दूषित राहू शकतो, म्हणून गाळाची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

साजगावचा किनाऱ्याशी दुसराही संबंध आहे. येथील विठ्ठल मंदिराची कार्तिक महिन्यातील यात्रा 'बोंबल्या विठोबाची यात्रा' म्हणून ओळखली जाते. किनाऱ्यावरील सुक्या मासळीचा मोठा बाजार या यात्रेत भरतो. घाटाखालच्या गावातून वाहणारे पाणी खाडीकडे जाते आणि किनाऱ्यावरची मासळी बाजारासाठी याच गावात येते.

उल्हास आणि ठाणे खाडी

कल्याण-अंबिवली परिसरात कॉस्टिक सोडा तयार करण्यासाठी पूर्वी पाऱ्याचा वापर करणारे घट वापरले जात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी उल्हास व ठाणे खाड्यांच्या गाळात पाऱ्याचे वाढलेले प्रमाण नोंदवले आहे. पुढे या उद्योगाने पारारहित तंत्रज्ञान स्वीकारले. अशा ठिकाणी वरचा ताजा थर तुलनेने स्वच्छ आणि त्याखालचा जुना थर अधिक दूषित असू शकतो. खोल उपसा केल्यास हा जुना थर उघडा पडण्याची शक्यता असते.

बंदरातील स्रोत

दारूखाना येथील जहाजतोडणी, जहाजदुरुस्ती, तेलाची चढउतार आणि शहरातील सांडपाणी हे बंदर परिसरातील स्रोत आहेत. जहाजांच्या तळाला शेवाळ व कालवे चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगांत पूर्वी ट्रायब्युटिल टिन हे विषारी संयुग असे. त्याच्या वापरावर निर्बंध आणणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली स्वीकारण्यात आला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. गोद्यांच्या गाळात असे जुने रंग दीर्घकाळ टिकू शकतात.

अपघातांमुळेही प्रदूषण होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले आणि काही कंटेनर समुद्रात पडले. त्यांपैकी काहींमध्ये कीटकनाशके होती. तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यावरील कांदळवनांपर्यंत पोहोचला.

उपशाचे प्रकार

बंदरातील उपसा दोन प्रकारचा असतो. पूर्वी न खोदलेला तळ खोदून नवी खोली मिळवणे हा खोलीकरणाचा उपसा होय. मिळवलेली खोली टिकवण्यासाठी ताजा गाळ वेळोवेळी काढणे हा देखभालीचा उपसा होय. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मोठी कंटेनर जहाजे येऊ शकावीत म्हणून त्याच्या जलमार्गाचे २०१०च्या दशकात दोन टप्प्यांत खोलीकरण करण्यात आले. बाहेरील मुख्य मार्गाचा काही भाग मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांना सामायिक आहे.

प्रदूषणाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. खोलीकरणात निघणारी खालची जुनी माती व खडक उद्योगपूर्व काळातील असल्याने बहुधा स्वच्छ असतात. त्यांच्यावरील पातळ थर मात्र दूषित असू शकतो. हा थर वेगळा न काढल्यास थोड्या दूषित गाळामुळे स्वच्छ मातीचा मोठा साठाही दूषित होतो. देखभालीच्या उपशातील गाळ ताजा, बारीक व पाणथळ असतो. त्यात सध्याच्या प्रदूषणाची नोंद आढळते.

नियोजनाचे टप्पे

दूषित गाळाच्या नियोजनात साधारणपणे पुढील क्रम पाळला जातो:

१. उपशाची गरज तपासणे व गाळ भरण्याचे प्रमाण कमी करता येईल का ते पाहणे.
२. प्रदूषणाचे चालू स्रोत शोधून बंद करणे.
३. गाळाचे नमुने घेऊन भौतिक, रासायनिक व जैविक तपासणी करणे.
४. तपासणीनुसार गाळाचे वर्ग पाडणे.
५. प्रत्येक वर्गासाठी पुनर्वापर, समुद्रात विसर्जन, बंदिस्त साठवण किंवा प्रक्रिया यांपैकी पर्याय निवडणे.
६. योग्य यंत्र, काळ आणि पद्धत ठरवणे.
७. काम सुरू असताना व त्यानंतर देखरेख ठेवणे आणि गरजेनुसार योजना बदलणे.

नमुने घेणे

नमुन्यांची संख्या उपशाच्या आकारमानावर अवलंबून असते. ईशान्य अटलांटिकसाठीच्या ओस्पार करारातील मार्गदर्शनानुसार २५,००० घनमीटरपर्यंतच्या उपशासाठी ३, १ लाख घनमीटरपर्यंत ४ ते ६, ५ लाखांपर्यंत ७ ते १५ आणि २० लाखांपर्यंत १६ ते ३० ठिकाणचे नमुने घेतले जातात. पृष्ठभागावरील मूठभर चिखल पुरेसा नसतो. नळीने उभा गाभा काढून, जितक्या खोलीपर्यंत उपसा होणार असेल तितक्या खोलीपर्यंतचे थर तपासावे लागतात.

मूल्यमापन आणि बेसाल्टचा प्रश्न

गाळाच्या मूल्यमापनासाठी भारतातील अभ्यासांत अनेकदा परदेशी निर्देशांक वापरले जातात. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत प्रत्येक प्रदूषकासाठी दोन पातळ्या दिल्या आहेत. खालच्या पातळीपेक्षा कमी प्रमाण असल्यास सजीवांवर परिणाम क्वचित दिसतो. वरच्या पातळीपेक्षा अधिक असल्यास तो वारंवार दिसतो. प्रति किलोग्रॅम कोरड्या गाळात मिलिग्रॅमच्या हिशेबाने या पातळ्या पुढीलप्रमाणे आहेत:

पारा: ०.१५ आणि ०.७१
कॅडमियम: १.२ आणि ९.६
तांबे: ३४ आणि २७०
शिसे: ४६.७ आणि २१८
जस्त: १५० आणि ४१०

हे आकडे सह्याद्रीच्या खोऱ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. पाताळगंगा आणि उल्हास या नद्या दख्खनच्या बेसाल्ट खडकावरून वाहतात. या खडकात तांब्याचे नैसर्गिक प्रमाण सर्वसाधारणपणे प्रति किलोग्रॅम १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असते. क्रोमियम व निकेलही त्यात लक्षणीय असतात. म्हणजे कोणताही कारखाना नसलेल्या ओढ्यातील मातीही तांब्याच्या खालच्या पातळीच्या वर जाऊ शकते. उलट, पारा किंवा कॅडमियम यांची वाढ बेसाल्टच्या आधारे समजावून सांगता येत नाही. त्यामुळे घाटातील स्वच्छ ओढ्यांमधील मातीचे प्रमाण आधार म्हणून घेणे आणि ॲल्युमिनियम किंवा लोह यांच्याशी तुलना करून धातूची वाढ मोजणे आवश्यक ठरते. तसे न केल्यास निरुपद्रवी गाळ दूषित ठरून अनावश्यक खर्च होतो, किंवा सगळा दोष खडकावर टाकून खरे प्रदूषण नजरेआड होते.

रासायनिक आकड्यांबरोबर जैविक चाचण्याही केल्या जातात. तळाशी राहणारे किडे, शिंपले किंवा कोळंबी त्या गाळात ठेवून त्यांचे जगणे व वाढ पाहिली जाते. प्रदूषक अन्नसाखळीत किती शिरते, हे कालवे, तिसऱ्या, निवट्या व चिंबोऱ्या यांच्या शरीरातील प्रमाणावरून तपासता येते.

विल्हेवाटीचे पर्याय

स्वच्छ गाळ व वाळू भराव, बांध किंवा किनारा संरक्षण यांसाठी वापरता येतात. मुंबईचा मऊ समुद्री चिखल थेट भरावासाठी फारसा उपयोगी नसतो. तो आकसतो, दीर्घकाळ खचत राहतो आणि त्यातील क्षार काढावे लागतात.

समुद्रात विसर्जन हा सर्वांत स्वस्त पर्याय असतो. त्यासाठी नेमलेल्या जागेतून गाळ परत जलमार्गात किंवा मासेमारीच्या जागेकडे येत नाही, याची खात्री करावी लागते. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र (स्थापना १९१६) प्रवाहांच्या प्रतिकृतींवरून असे अभ्यास करते. भाभा अणुसंशोधन केंद्राने भारतीय बंदरांत स्कँडियम-४६ या किरणोत्सारी मूलद्रव्याने चिन्हांकित केलेली काचेची पूड तळावर सोडून गाळाच्या हालचालीचा माग काढला आहे. या मूलद्रव्याचा अर्धायुकाल सुमारे ८४ दिवसांचा असल्याने काही महिने निरीक्षण करता येते.

अधिक दूषित गाळासाठी बंदिस्त साठवण वापरली जाते. किनाऱ्यालगत बांध घालून केलेली तळी, किंवा समुद्रतळात खड्डा खोदून त्यात गाळ भरणे व वर स्वच्छ वाळूचा थर देणे, हे तिचे दोन प्रकार आहेत. वाळू आणि चिखल वेगळे केल्यास प्रदूषित भागाचे आकारमान घटते. सिमेंट मिसळून गाळ घट्ट करणे हा आणखी एक उपाय आहे. किनाऱ्यालगतच्या जागेची निवड करताना खाजणे व कांदळवने वगळणे आवश्यक असते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

उपशाच्या वेळची दक्षता

चोषक नळीचे ड्रेजर गाळ आणि पाणी एकत्र ओढतात. जहाजाचे पोट भरल्यानंतर वरचे पाणी बाहेर सोडल्यास अधिक गाळ मावतो. परंतु त्या पाण्याबरोबर सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत दूषित, कण पुन्हा समुद्रात जातात. म्हणून दूषित जागी असे पाणी सोडणे टाळले जाते आणि बंद जबड्याचे पंजे वापरले जातात. गाळ पसरू नये म्हणून पाण्यात कापडी पडदेही लावतात. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात हे पडदे फारसे टिकत नाहीत. गोद्यांच्या बंदिस्त पाण्यात ते अधिक परिणामकारक ठरतात.

कायदेशीर चौकट

समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण आणणारा लंडन करार १९७२ साली झाला. त्याचा १९९६ सालचा सुधारित मसुदा २४ मार्च २००६ पासून अमलात आला. त्यात समुद्रात टाकण्यासाठी विचारात घेता येतील अशा मोजक्या पदार्थांची यादी असून उपसलेल्या गाळाचा तीत समावेश आहे. मात्र परवानगीपूर्वी गाळाची तपासणी, पर्यायांचा विचार आणि स्रोत नियंत्रण अपेक्षित असते.

भारतात जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४, पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ आणि किनारी नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ व २०१९ च्या अधिसूचना या विषयाला लागू होतात. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत बंदरे व खोलीकरणाचा उपसा यांचा समावेश आहे. मूळ प्रकल्पाच्या मंजूर व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या देखभालीच्या उपशाला नव्याने मंजुरी घेण्यातून सूट आहे. त्यामुळे वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपशाचा दर्जा मूळ आराखडा आणि नियमित तपासणी यांवर अवलंबून राहतो.

नदीतील सांडपाण्याचे नियंत्रण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, किनारी परवानग्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि उपसा बंदर प्राधिकरणांकडे असतो. गाळ मात्र या सर्वांच्या हद्दी ओलांडून वाहतो.

मच्छीमारांवरील परिणाम

करंजा, मोरा, हनुमान कोळीवाडा, घारापुरी आणि रेवस परिसरातील कोळी समाजाची उपजीविका खाडी व बंदरातील मासेमारीवर अवलंबून आहे. पाणी गढूळ झाल्यास माशांची अंडी व पिल्ले दबतात. तळावर राहणाऱ्या तिसऱ्या व कालवे गाळाखाली गाडली जातात. खाडीत पायी फिरून निवट्या व चिंबोऱ्या पकडणाऱ्यांना नुकसान टाळून दूरच्या समुद्रात जाणे शक्य नसते, कारण त्यांच्याकडे मोठ्या होड्या नसतात.

उरण परिसरातील मच्छीमारांनी भराव, कांदळवनांची हानी आणि मासेमारीच्या जागा गमावल्याबद्दल दाखल केलेल्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निर्णय दिला. १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश त्यात होता. हे प्रकरण दूषित गाळापुरते मर्यादित नव्हते. बंदरविकासाच्या नियोजनात मच्छीमारांचे नुकसान आधीच मोजले जावे, ही गरज त्यातून पुढे आली.

इतर देशांतील अनुभव

जपानमधील मिनामाता उपसागरात पारायुक्त गाळावरील काम १९७७ ते १९९० या काळात चालले. प्रति किलोग्रॅम २५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा असलेल्या सुमारे १५ लाख घनमीटर गाळावर उपाय करण्यात आले आणि सुमारे ५८ हेक्टर भरावाखाली तो बंदिस्त झाला. जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात १९९३ पासून गाळातील वाळू व चिखल यांत्रिक पद्धतीने वेगळे केले जातात.

नेदरलँड्समधील रॉटरडॅमचा अनुभव पाताळगंगेसारख्या खोऱ्याला सर्वांत जवळचा आहे. ऱ्हाइन नदीबरोबर येणाऱ्या दूषित गाळासाठी तेथे १९८७ साली 'स्लुफ्टर' हे सुमारे १५ कोटी घनमीटर क्षमतेचे बंदिस्त साठवणस्थळ सुरू झाले. त्याच वेळी बंदराने नदीच्या वरच्या भागातील प्रदूषणाचे स्रोत शोधले आणि तेथील उद्योगांशी वाटाघाटी केल्या. १९९१ साली जर्मन रासायनिक उद्योगांच्या संघटनेशी प्रदूषण घटवण्याचा करार झाला. ऱ्हाइनचा गाळ अधिक स्वच्छ होत गेल्याने साठवणस्थळ अपेक्षेपेक्षा सावकाश भरले.

खोऱ्यापासून नियोजन

रॉटरडॅम आणि तेथील उद्योग यांच्यामध्ये देशांच्या सीमा होत्या. साजगाव आणि मुंबई बंदर एकाच राज्यात आहेत. येथे खोरेनिहाय नियोजनात घाटाखालील स्वच्छ ओढे, औद्योगिक पट्ट्याच्या वरची व खालची बाजू, खारपाड्याजवळील भरतीचा भाग, खाडीचे मुख आणि बंदराचा जलमार्ग या सर्व ठिकाणच्या गाळाची एकाच पद्धतीने व पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करता येते. अशा नोंदींवरून कोणते प्रदूषक कोठून वाढते, हे ठरवता येते. बंदरात दूषित गाळ साठवण्याचा खर्च दर उपशाबरोबर पुन्हा करावा लागतो, तर स्रोत बंद झाल्यास पुढच्या उपशात निघणारा गाळ उपयोगात आणता येतो.

हे सुद्धा पहा

पाताळगंगा नदी
उल्हास नदी
ठाणे खाडी
धरमतर खाडी
साजगाव
जवाहरलाल नेहरू बंदर
मिनामाता रोग